काच आणि दगडावर स्टेन्सिल लावून सँडब्लास्टिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचेची दारं, ग्रॅनाइटच्या नावाच्या पाट्या, देवळातल्या देणगीदारांच्या फरशा असं काम करतो, त्यामुळे फोनवर आणि वॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येत राहतात. काही नवीन काम सुरू करणाऱ्या मुलांचे, काही घरासाठी काच करून घेणाऱ्यांचे. सगळे एका जागी लिहिलेत, सोपे आधी आणि किचकट नंतर.

सँडब्लास्टिंग म्हणजे नक्की काय आणि त्यात स्टेन्सिल कशाला लागतं?

कॉम्प्रेसरच्या हवेच्या जोरावर बारीक कडक दाणे एखाद्या पृष्ठभागावर मारायचे, जिथे दाणे बसतात तिथला थर खरवडला जातो आणि चकचकीत काच पांढरट, धुरकट होते. गनला डिझाइन वगैरे काही कळत नाही, ती समोर येईल ते सरसकट खरवडते, म्हणून जे वाचवायचं ते झाकायचं आणि जे कोरायचं ते उघडं ठेवायचं, या झाकणालाच स्टेन्सिल किंवा मास्क म्हणतात. ही पद्धत फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमनने १८७० साली पेटंट केली, म्हणजे दीडशे वर्षं होऊन गेली, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. माझं स्पष्ट मत आहे की यात ब्लास्टिंग हा छोटा भाग आहे, दोन फुटाच्या काचेवर गन फार तर दहा मिनिटं चालते, पण मास्क कापायला, सोलायला आणि चिकटवायला अर्धा दिवस जातो आणि काम चांगलं झालं की वाईट ते त्या अर्ध्या दिवसात ठरतं.

काच एवढी कडक असून खरवडली जाते, मग पातळ रेडियम (स्टिकरचं व्हिनाइल) कसं काय टिकतं?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण हे एकदा कळलं की बाकी अर्ध्या गोष्टी आपोआप कळतात. काच कडक आहे पण ठिसूळ आहे, दाणा आपटला की तिथे सूक्ष्म टवका उडतो. रबर किंवा व्हिनाइल मऊ आणि लवचिक, दाणा आपटला की ते दबतं आणि दाण्याला परत उडवतं, त्याचा टवका उडत नाही. म्हणजे मास्क जितका लवचिक आणि जाड तितका जास्त टिकणार. उन्हात पडून कडक झालेला जुना मास्क लवकर फाटतो तो याच कारणाने. आणि मऊ मास्कलाही मर्यादा आहे, एकाच जागी गन धरून ठेवली तर तो गरम होऊन झिजतो, म्हणून हात सतत हलता ठेवायचा.

नंबरप्लेटवाल्याकडचं साधं रेडियम चालेल की स्पेशल मास्क घ्यावा लागेल?

काम किती खोल आहे त्यावर आहे. काचेवर नुसतं धुरकट करायचं असेल, म्हणजे हात लावला तर जेमतेम जाणवेल इतकंच, तर रेडियमवाल्याच्या प्लॉटरवर (कॉम्प्युटरवरून व्हिनाइल कापणाऱ्या मशीनवर) कापलेलं साधं व्हिनाइल छान चालतं, फक्त प्रेशर कमी ठेवा. काचेत खोल कोरायचं असेल तर सँडब्लास्टसाठीच बनवलेलं जाड व्हिनाइल घ्या. ग्रॅनाइटसाठी रबराचं स्टेन्सिल, साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाड, इथे रेडियम वापरायच्या भानगडीत पडू नका, अक्षर पूर्ण कोरून व्हायच्या आधी कडा फाटतात. फोटो किंवा केसासारख्या बारीक रेघा हव्या असतील तर फोटोरेझिस्ट फिल्म येते, डिझाइनची काळी प्रिंट फिल्मवर ठेवून यूव्ही लाइट द्यायचा आणि पाण्याने धुवायचं, जिथे लाइट पोचला नाही तो भाग धुऊन जातो. महाग आहे पण ब्लेडने जे कधीच कापता येणार नाही ते यात होतं.

आणि काहीच हाताशी नसेल तर फेव्हिकॉल. ब्रशने दोन-तीन थर द्यायचे, पूर्ण सुकू द्यायचे, मग ब्लेडने डिझाइन कापून सोलायचं. सुकलेला फेव्हिकॉल लवचिक असतो म्हणून हलक्या कामाला टिकतो. शिकायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

पंक्चरवाल्याकडे असतो तसा कॉम्प्रेसर पुरेल का?

छोट्या वस्तूंना पुरेल, ग्लास, ट्रॉफी, छोटी पाटी वगैरे, पण थांबत थांबत करावं लागेल. लोक पीएसआय (हवेचा दाब) बघून कॉम्प्रेसर घेतात आणि सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा मिळते ते) बघतच नाहीत, आणि खरं महत्त्व त्यालाच आहे. साधारण ३ मिमीच्या नोझलला ८० पीएसआयवर १७ सीएफएमच्या आसपास हवा लागते, आणि २ एचपीचा कॉम्प्रेसर ७-८ सीएफएम देतो, म्हणजे टाकीतली साठलेली हवा संपली की प्रेशर पडणार आणि तुम्ही टाकी भरायची वाट बघत बसणार. आधी नोझल ठरवा मग कॉम्प्रेसर.

दाणा कुठला घ्यायचा आणि प्रेशर किती ठेवायचं?

मी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड वापरतो. मोजच्या मापावर (कडकपणाचं १ ते १० माप) तो ९, काच साडेपाचच्या आसपास, ग्रॅनाइट ६ ते ७, म्हणजे सगळ्यांना पुरून उरतो, आणि लवकर फुटत नाही म्हणून चाळून पुन्हा पुन्हा वापरता येतो. सिलिकॉन कार्बाइड अजून कडक आणि जलद, पण महाग. काचेला धुरकट करायला १५० ते २२० नंबर, काचेत खोल जायला १०० ते १२०, ग्रॅनाइटला ६० ते ८०. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक, यात नवीन मुलं हमखास उलटं समजतात.

प्रेशर पॉट, म्हणजे दाबाने दाणा ढकलणारी टाकी, असेल तर काचेला ३० ते ४० पीएसआय भरपूर झालं. सायफन गन, म्हणजे बादलीतून दाणा ओढणारी, तिला ६० ते ८० लागतं कारण तिचा मारा कमजोर असतो. ग्रॅनाइटला ८० ते १००. गन सहा ते आठ इंच लांब आणि कामाला सरळ काटकोनात धरायची, तिरकी धरली की दाणा मास्कच्या कडेखाली घुसतो.

नदीची वाळू चाळून, वाळवून वापरली तर? नावातच सँड आहे की.

नाही. या एका प्रश्नाला मी सवड असो नसो, फोन करून उत्तर देतो. वाळू म्हणजे बहुतेक क्वार्ट्झ, तो आपटून फुटला की त्याची इतकी बारीक धूळ होते की डोळ्याला दिसतही नाही आणि ती थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते, तिथे जखमेसारखे व्रण धरतात, याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. काम सोडल्यावरही वाढू शकतो आणि त्यात टीबी व्हायचा धोका वाढतो. आपल्याकडे कायद्याने तो नोंद करणं बंधनकारक असलेल्या आजारांत आहे. तुर्कस्तानात जीन्स फिकट करायला वाळू मारायचे, तरुण पोरं या आजाराने गेली आणि २००९ मध्ये तिथे जीन्सवरच्या सँडब्लास्टिंगवर बंदी आली. पोत्याला चार पैसे वाचवायला हे करू नका, हात जोडून सांगतो.

मग अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड वापरलं की मास्क न लावता चालेल ना?

इथे मास्क म्हणजे तोंडावरचा. आणि नाही, तरीही चालणार नाही. दाण्यात सिलिका नसली तरी दगडात असते, लाल आणि राखाडी ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर असतो आणि तुम्ही तोच तर फोडताय. रुमाल बांधणं किंवा कापडी मास्क म्हणजे न बांधल्यासारखंच. काचेचं छोटं काम बंद कॅबिनेटमध्ये करा, ज्यात हातमोजे आतून लावलेले असतात आणि धूळ ओढून घ्यायला सक्शन असतं. उघड्यावर करायचं असेल तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा हूड, आणि आजूबाजूला कोणी नको. झाडू मारू नका, धूळ परत उडते, पाणी मारून किंवा चांगल्या फिल्टरच्या व्हॅक्यूमने काढा. घरी जाताना कामाचे कपडे तिथेच ठेवा, लेकरांना उचलून घेतो आपण त्याच कपड्यांत.

कॉम्प्युटरवर मराठी नाव नीट दिसतं, पण कापून आल्यावर प्रत्येक दोन अक्षरांमध्ये शिरोरेषेवर उभी चीर का असते?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःची शिरोरेषा असते आणि ती शेजारच्या अक्षरावर जराशी चढलेली असते म्हणून स्क्रीनवर सलग दिसते. प्लॉटर मात्र प्रत्येक आकाराची कड वेगवेगळी कापतो, म्हणून जिथे जिथे रेषा एकमेकींवर चढल्यात तिथे चीर पडते, काना आणि मात्रा जिथे जुळतात तिथेही तेच. उपाय सोपा आहे, कोरलड्रॉमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) अक्षरं आधी कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या आकारांत, बदला आणि मग सगळी निवडून वेल्ड करा, म्हणजे एकत्र जोडा, पूर्ण शब्दाची एकच बाहेरची कड तयार होते. वायरफ्रेममध्ये, म्हणजे फक्त कडा दिसतात त्या व्ह्यूमध्ये, बघून घ्या, शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड दिसली पाहिजे.

दुसरी भानगड फॉन्टची. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेवमधली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांची खिचडी होते, म्हणून फाइल कायम कर्व्ह करूनच पाठवायची. ‘ऱ्या’ मधला अर्धा र, ‘श्री’, ‘ज्ञ’, ‘क्ष’ आणि सगळी जोडाक्षरं छापून कागदावर एकदा नजरेखालून घाला. कुणाच्या घराचं नाव पुढची पन्नास वर्षं दारावर राहणार आहे, त्यात ‘कुऱ्हाडे’चं ‘कुर्हाडे’ की अजून भलतंच काही झालं तर ते त्या माणसाचं नाव उरत नाही.

अक्षराच्या पोटातला तुकडा कसा जागेवर राहतो? आणि अनुस्वार?

मराठीत हा त्रास इंग्रजीपेक्षा जास्त आहे, कारण शिरोरेषेमुळे प, म, य, स यांचीही पोटं वरून बंद होतात, व, ब, ठ यांची तर असतातच. ‘समर्थ कृपा’ लिहायला घेतलं तर पोटातले किती तुकडे सांभाळावे लागतात मोजून बघा. चिकटणाऱ्या मास्कमध्ये हे तुकडे त्यांच्या जागीच राहतात, फक्त मास्क उचलून काचेवर न्यायच्या आधी त्यावर ट्रान्सफर टेप लावायची, मग सगळे तुकडे टेपसकट एकदम जातात. टेप सोलताना पूर्ण मागे दुमडून, हळू.

पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं पुन्हा पुन्हा वापरायचं स्टेन्सिल असेल तर तिथे पोटाचा तुकडा गळून पडणार, म्हणून त्याला बारीक पूल ठेवावेच लागतात, रेल्वेच्या डब्यावर किंवा पोत्यांवर तुटक अक्षरं दिसतात ती त्यामुळेच.

अनुस्वार, नुक्ता, अर्धविराम असल्या ठिपक्यांची भीती वेगळी. कोरायचा ठिपका सोलायला विसरलात तर नावातला अनुस्वारच गायब. माझ्या हातून एकदा ‘आनंद’चं ‘आनद’ झालंय, काच बसवल्यावर घरातल्या आजींनी दाखवलं. तेव्हापासून ब्लास्ट करायच्या आधी मूळ कागद काचेशेजारी धरून एकेक टिंब बोट ठेवून मोजतो.

डिझाइन काचेच्या पुढून कोरायचं की मागून? अक्षरं उलटी कधी कापायची?

दारावर, खिडकीवर बहुतेक वेळा मागून, म्हणजे पुढची बाजू गुळगुळीत राहते, पुसायला सोपी आणि खोल कोरलं असेल तर पुढून बघताना ते उठावाचं वाटतं. मागून कोरायचं असेल तर मास्क आरशासारखा उलटा कापायचा. दगड, धातू, लाकूड सरळ. आपल्याला अक्षरं कोरलेली हवीत की अक्षरं चकचकीत ठेवून भोवतालचं धुरकट हवंय हेही आधीच ठरवा, सोलताना नेमका उलटा भाग निघून जातो आणि मग पूर्ण मास्क परत.

मास्कच्या कडा उचलल्या जातात, रेघ फाटते. काय चुकतं?

नव्वद टक्के वेळा काच तेलकट असते. दिसायला स्वच्छ असली तरी हाताचा घाम असतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग बोट लावू नका. दुसरं कारण म्हणजे साबणाच्या पाण्यावर मास्क चिकटवायची सवय, स्टिकर लावणारे तसंच शिकलेले असतात, बुडबुडे येत नाहीत हे खरं, पण खाली पाणी राहिलं तर दाणा कड उचलून आत शिरतो. तसं लावलंच तर रात्रभर वाळू द्या. दगडावर रबर लावल्यावर रोलरने जोर देऊन दाबा, खास करून बारीक तुकडे. पावसाळ्यात, आणि कोकणात तर वर्षातले चार महिने, हवेतला ओलावा कॉम्प्रेसरच्या टाकीत साठतो, तो दाण्यात गेला की गुठळ्या, नोझल चोंदतं आणि गन थुंकल्यासारखी मारते. टाकीचं पाणी रोज काढा, लाइनवर मॉइश्चर ट्रॅप लावा. प्रेशर आणि कोनाचं वर दाण्याच्या प्रश्नात लिहिलंच आहे.

उरलेली उघडी काचही झाकायला विसरू नका, मास्क डिझाइनपुरताच असतो आणि दाणा सगळीकडे उडतो. मागची बाजू, कडा, सगळं टेप आणि जाड कागदाने. सुईच्या टोकाएवढ्या भोकातूनही पांढरा ठिपका येतो आणि तो काही केल्या जात नाही.

टफन काचेवर डिझाइन होतं का?

हलकं धुरकट होतं, खोल कोरणं अजिबात नाही. टफन म्हणजे भट्टीत तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली काच, तिच्या दोन्ही पृष्ठभागांवर दाब साठवलेला असतो, प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण पाचव्या भागाएवढा थर, १० मिमीच्या काचेत २ मिमी. त्यावरच तिची ताकद टिकून आहे. तो थर खरवडत गेलात की ताकद कमी होते आणि जास्त आत गेलात की पूर्ण काच एका क्षणात फुटून बारीक तुकडे. कधी लगेच, कधी बसवल्यावर महिन्याने. म्हणून क्रम असा ठेवा: काच कापणं, भोकं पाडणं, कडा घासणं, मग ब्लास्टिंग आणि सगळ्यात शेवटी टफन करायला पाठवणं. टफन झाल्यावर तिला कापताही येत नाही. ऑर्डर देतानाच कारखान्याला सांगा की कोरलेली आहे आणि किती खोल आहे. दार, जिन्याचं रेलिंग, टेबलाचा टॉप असेल तर याच्यात तडजोड नको, माणसं त्याला टेकतात.

बाथरूमची काच ओली झाली की आरपार दिसतं, काम खराब झालंय का?

काम बरोबर आहे, बाजू चुकली. धुरकट काच पांढरी दिसते कारण खरबरीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो. त्या खाचांत पाणी भरलं की पृष्ठभाग प्रकाशाच्या दृष्टीने जवळपास सपाट होतो आणि आरपार दिसायला लागतं. म्हणून ब्लास्ट केलेली बाजू कायम बाथरूमच्या बाहेर ठेवायची. आता बसवूनच झाली असेल तर फ्रेममधून काढून फिरवता येते का बघा, फक्त त्यावर अक्षरं असतील तर ती उलटी होतील.

काळ्या ग्रॅनाइटची पाटी कोरल्यावर सोनेरी रंग कसा भरतात? आणि फिकट दगडावर अक्षर दिसतच नाही ते का?

काळा ग्रॅनाइट काळा दिसतो तो पॉलिशमुळे, पॉलिश फुटलं की तो भाग राखाडी-पांढरा होतो, म्हणून रंग न भरताही अक्षर वाचता येतं. फिकट दगडात हा फरक पडत नाही, तिथे खोल कोरून रंग भरावाच लागतो. रंग भरायचा तो मास्क न काढता. आधी हवेने आणि ब्रशने खाचेतली सगळी धूळ काढा, धुळीवर मारलेला रंग दोन पावसाळ्यांत पापुद्र्यासारखा निघतो. मग एकावर एक पातळ थर, आणि रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी, जरा चिकट असतानाच मास्क सोला, म्हणजे कड स्वच्छ तुटते. बाहेर उन्हात असणाऱ्या पाटीला निदान दीड-दोन मिमी खोल अक्षर मागा, रंग उडाला तरी नाव राहतं.

मार्बल, लाकूड, धातू, अ‍ॅक्रिलिक?

मार्बल मोजच्या मापावर ३ ते ४, ग्रॅनाइटच्या निम्मं, पटकन खोल जातं म्हणून प्रेशर कमी करा आणि थांबून थांबून बघा. लाकडात गंमत आहे, मऊ भाग झिजतो आणि कडक वार्षिक वलयं उठून राहतात, पाइन किंवा देवदारावर तर फार सुंदर दिसतं, तिथे अक्षरं झाकून भोवतालचं लाकूड खोल घालवायचं. प्लायवर नको, थर उघडे पडतात. स्टेनलेस स्टीलवर आधी लोखंडावर वापरलेला दाणा कधीच मारू नका, लोखंडाचे कण रुतून बसतात आणि स्टीललाच गंज आल्यासारखं होतं. अ‍ॅक्रिलिकवर होतं पण मऊ असल्यामुळे काचेसारखी चमकदार धुरकट छटा येत नाही.

फुलाच्या पाकळ्या एकावर एक दिसतात, तसं खोल-उथळ कसं करतात?

मास्क एकदम न सोलता टप्प्याटप्प्याने सोलतात. प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा, जो भाग बघणाऱ्याला सगळ्यात जवळ वाटायला हवा तो आधी उघडायचा आणि सगळ्यात खोल कोरायचा, मग त्याच्या मागची पाकळी, मग तिच्या मागची. काच मागून कोरलेली असल्याने जी सगळ्यात खोल ती पुढून सगळ्यात वर आलेली दिसते. काच १० किंवा १२ मिमी घ्या. दोन पाकळ्यांच्या सीमेवर धार राहिली पाहिजे, ती गोल झाली की चित्र मेलं. पहिल्यांदा करताना कमळ घ्या, मोर घेऊ नका.

आरशावर मागून डिझाइन केलं तर?

मागचा रंग आणि चांदीचा थर उडवून तिथून लाइट सोडता येतो, छान दिसतं. पण थराची कड उघडी पडते आणि दमट हवेत तिथून काळे डाग आत सरकत जातात, म्हणून काम झाल्या दिवशीच कडा सीलरने बंद करा.

मास्क काढल्यावर गोंद राहिला, आणि काचेवर बोटांचे ठसे जात नाहीत.

मास्क सोलताना हेअर ड्रायरने कोमट करा, गोंद मास्कबरोबर येतो. उरलाच तर चकचकीत भागावरून रॉकेलने, मग साबणाच्या पाण्याने. धुरकट भागावर रॉकेल नेऊ नका, तेलाचा डाग खाचांत बसतो. ठसे म्हणजे हेच तेल आहे, भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रशने निघतात. दाराच्या हँडलजवळ डिझाइन करूच नका किंवा तिथे सीलर लावा.

चूक झाली तर दुरुस्त होते का?

ग्रॅनाइट घासून पुन्हा पॉलिश करता येतो, पाटी तेवढी पातळ होते आणि मजुरी पाटीएवढीच पडते. काच बहुतेक वेळा बदलावीच लागते, भटका ठिपका असेल तर त्यावर एखादं पान किंवा कळी वाढवून डिझाइनमध्ये घेता येतो. म्हणून नावाच्या, विशेषतः स्मृतिशिळेच्या कामात मी पूर्ण मापाची कागदी प्रिंट घरच्यांना देतो आणि घरातल्या दोन वेगवेगळ्या माणसांनी, त्यात एक वयस्कर, वाचून सही केल्याशिवाय मास्क कापायला घेत नाही. तारीख आकड्यांत आणि तिथी शब्दांत असेल तर दोन्ही पंचांगाशी ताडून बघायला सांगतो.